बाण सरळ कसा जातो?

धनुष्यातून सुटलेला बाण सरळ जातो असे आपण धरूनच चालतो. प्रत्यक्षात दोरीवरून सुटलेला बाण पहिले काही मीटर सरळ जात नाही. तो एका बाजूला वाकतो, मग उलट बाजूला वाकतो, शेपटी हलवत पुढे जातो आणि हळूहळू स्थिर होतो. हे डोळ्यांना दिसत नाही, कारण सगळा प्रकार सेकंदाच्या लहानशा भागात घडतो. १९३० च्या दशकात अमेरिकेतील क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाने अतिवेगवान छायाचित्रणाने सुटत्या बाणाचा अभ्यास केला, तेव्हा बाणाचे हे वाकणे चित्रात स्पष्ट दिसले.

बाण किती लवकर स्थिर होतो यावर तो कुठे लागणार आणि किती खोल जाणार हे ठरते. खेळाच्या मैदानावर बाण तिरका गेला तर एखादा गुण जातो. शिकारीत मात्र तिरक्या बाणाचा अर्थ फार वेगळा आहे. बाण बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. त्याच्या पुढच्या धारदार पात्यांनी फुप्फुसे किंवा हृदय कापले गेले, तरच जनावर काही सेकंदांत कोसळते. बाण चार बोटे इकडेतिकडे लागला किंवा तिरका लागून अर्धवटच शिरला, तर जखमी जनावर रानात पळून जाते आणि कित्येक तास, कधी कित्येक दिवस, तडफडत राहते. म्हणून धनुष्याने शिकार करणाऱ्याच्या दृष्टीने धनुष्याची आणि बाणाची जुळणी ही हौसेची गोष्ट नसून जबाबदारीची गोष्ट आहे. या जुळणीला इंग्रजीतून आलेला ‘ट्यूनिंग’ हाच शब्द सर्वत्र रूढ आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. अमेरिकेत परिस्थिती वेगळी आहे. तेथे प्रत्येक राज्याचे वन्यजीव खाते ठरावीक मोसमात परवाने देऊन शिकारीला मुभा देते. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली केवळ धनुष्यबाणासाठी हरणांच्या शिकारीचा स्वतंत्र मोसम ठेवला. पुढे इतर राज्यांतही ही पद्धत आली. धनुष्याची ओढ निदान ३५ किंवा ४० पौंड असावी, फाळाची रुंदी ठरावीक मापाहून कमी नसावी, असे नियम अनेक राज्यांत आहेत. शिकारीचे समर्थन करणे हा या लेखाचा हेतू नाही. बाण सरळ जाण्यासाठी हे लोक ज्या परीक्षा घेतात, त्यांत भौतिकशास्त्राचा आणि प्रयोगपद्धतीचा फार चांगला धडा दडलेला आहे. तो आपण येथे पाहू.

कंपाउंड धनुष्य

आज अमेरिकेतील बहुतेक धनुर्धारी शिकारी कंपाउंड धनुष्य वापरतात. त्याची कल्पना मिझुरी राज्यातील होलेस विल्बर ॲलन यांची. त्यांनी १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ च्या डिसेंबरात ते त्यांना मिळाले. या धनुष्याच्या दोन्ही बाहूंच्या टोकांना विकेंद्री चाके असतात, म्हणजे ज्यांचा आस मध्यभागी नाही अशी चाके. त्यांना ‘कॅम’ म्हणतात. दोरी ओढली की ही चाके फिरतात आणि तारांच्या साहाय्याने बाहू वाकवतात.

साध्या धनुष्याची दोरी जितकी जास्त ओढावी तितका जोर वाढत जातो. पूर्ण ओढ घेऊन नेम धरताना सर्वांत जास्त जोर लावावा लागतो आणि हात थरथरतो. कंपाउंड धनुष्यात जोर सुरुवातीलाच झपाट्याने वाढतो, बराच वेळ तेवढाच राहतो आणि शेवटी विकेंद्री चाके फिरल्यामुळे एकदम कमी होतो. ६० पौंडांचे, म्हणजे सुमारे २७ किलोग्रॅम ओढीचे धनुष्य घेतले आणि शेवटी जोर ८० टक्क्यांनी उतरत असला, तर नेम धरताना जेमतेम साडेपाच किलोग्रॅमचा ताण सांभाळावा लागतो.

याचा ऊर्जेवर काय परिणाम होतो? बल आणि अंतर यांचा आलेख काढला तर आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे साठवलेली ऊर्जा. २७ किलोग्रॅम म्हणजे सुमारे २६५ न्यूटन. ओढ अर्धा मीटर धरली, तर साध्या धनुष्याचा आलेख त्रिकोणी येतो आणि ऊर्जा सुमारे ६६ ज्यूल निघते. कंपाउंडचा आलेख समलंब चौकोनासारखा पसरट असतो. त्यात शंभर ज्यूलच्या आसपास ऊर्जा साठते. तीतली ८० ते ८५ टक्के बाणाला मिळते. २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला सुमारे ८० मीटर वेगाने सुटतो तो यामुळेच.

काठीला मागून ढकलणे

अर्ध्या मीटरच्या अंतरात शून्यापासून ८० मीटर प्रतिसेकंद इतका वेग घ्यायचा, तर त्वरण किती हवे? गतीचे नेहमीचे समीकरण वापरले तर उत्तर येते ६४०० मीटर प्रतिसेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ६५० पट. आणि हे सारे सेकंदाच्या एक ऐंशीअंश भागात उरकते.

हे बल बाणाच्या मागच्या टोकावर, म्हणजे खाचेवर पडते. पुढचे टोक जड असते आणि जडत्वामुळे जागचे हलायला नाखूश असते. खराट्याचा एक लांब हीर घेऊन त्याचे एक टोक भिंतीला टेकवा आणि दुसऱ्या टोकाकडून ढकला. हीर लगेच मध्येच बाक घेतो. बाणाचेही तसेच होते. कोणत्या बाजूला वाकणार आणि किती, हे दोन गोष्टींवर ठरते: दांड्याचा ताठपणा आणि ढकलणाऱ्या बलाची दिशा.

दांड्याचा ताठपणा मोजण्याची रीत सोपी आहे. दांडा २८ इंच, म्हणजे ७१ सेंटीमीटर अंतरावरील दोन टेकूंवर आडवा ठेवतात. बरोबर मध्यावर १.९४ पौंडांचे, म्हणजे ८८० ग्रॅमचे वजन टांगतात. दांडा मध्ये किती खाली येतो ते इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. ०.४०० इंच, म्हणजे सुमारे १० मिलिमीटर खाली आला, तर तो ‘४००’ क्रमांकाचा दांडा. क्रमांक जितका मोठा तितका दांडा लवचीक. ६० पौंडांच्या धनुष्याला ७१ सेंटीमीटर लांबीचा बाण हवा असेल, तर साधारण ४०० क्रमांकाचा दांडा निवडतात. ओढ ७० पौंड केली तर अधिक ताठ, ३४० च्या आसपासचा दांडा लागतो.

पण हा क्रमांक दांड्याचा झाला, बाणाचा नव्हे. दांडा कापून आखूड केला की तो बराच ताठ होतो. पुढचा फाळ जड केला की तोच दांडा अधिक वाकतो. म्हणून शिकारी जेव्हा फाळ बदलतो तेव्हा त्याच्या नकळत बाणाची वागणूकही बदलते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

बलाची दिशा धनुष्यावर अवलंबून असते. दोरी बोटांनी सोडली तर ती बोटांवरून घसरताना बाजूला सरकते, आणि बाण मुख्यतः आडवा वाकतो. कंपाउंड धनुष्याची दोरी सहसा ‘रिलीज’ नावाच्या छोट्या यांत्रिक चापाने सोडतात. तिला बाजूचा हिसका फारसा बसत नाही. तरीही बाणाची खाच दोरीवर थोडी वर किंवा खाली असेल, बाणाचा टेकू मध्यरेषेपासून सरकलेला असेल, दोन चाकांपैकी एक आधी आणि एक मागाहून फिरत असेल, तर बल बाणाच्या लांबीच्या रेषेत पडत नाही. बाण दोरी सोडतो तोच तिरका.

पिसे काय करतात

बाणाच्या शेपटीला तीन किंवा चार पिसे असतात. आज ती बहुतेक वेळा प्लास्टिकची असतात, पण नाव तेच राहिले आहे. बाण तिरका झाला की वारा पिसांवर बाजूने आपटतो आणि शेपटीला परत रेषेत ढकलतो. शेपटी रेषेच्या पलीकडे जाते, पुन्हा परत येते. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होतो. घड्याळाचा लंबक हवेत हळूहळू थांबावा तसे हे घडते. पिसे किंचित पिळून लावली तर बाण स्वतःभोवती फिरतो आणि अधिक स्थिर राहतो.

यासाठी बाणाचा गुरुत्वमध्य पुढे असावा लागतो. तो किती पुढे आहे हे काढायला बाण बोटावर तोलून धरावा. समजा, बाणाची लांबी ७१ सेंटीमीटर आहे आणि तो खाचेपासून ४४ सेंटीमीटरवर तोलला गेला. लांबीचा मध्य ३५.५ सेंटीमीटरवर. फरक ८.५ सेंटीमीटर, म्हणजे लांबीच्या १२ टक्के. शिकारीच्या बाणात हा आकडा साधारण १० ते १५ टक्के ठेवतात.

मग प्रश्न असा की, पिसे जर बाण सरळ करतातच, तर धनुष्याच्या जुळणीची यातायात कशाला? या प्रश्नाचे उत्तर हाच या लेखाचा गाभा आहे. पिसे चुकीचा परिणाम कमी करतात, चूक नाहीशी करत नाहीत. प्रत्येक हेलकाव्यात बाणाचा वेग थोडा खर्ची पडतो, आणि सराव करताना सगळे ठीक वाटल्यामुळे चूक आहे हेच कळत नाही. म्हणून जुळणीच्या सर्व परीक्षांचे सूत्र एकच आहे: पिसांची मदत काढून घ्या, किंवा चूक मोठी होईल अशी परिस्थिती निर्माण करा, म्हणजे चूक दिसेल.

परीक्षेआधी

परीक्षेआधी धनुष्य मूळ मापाला आणतात. दोन्ही आसांमधील अंतर, मुठीपासून दोरीचे अंतर, ओढीचा जोर आणि लांबी ही सारी मापे उत्पादकाने दिलेल्या मापांशी ताडून पाहतात. पूर्ण ओढीला वरचे आणि खालचे चाक एकाच क्षणी अडणीला लागते का, हे दुसऱ्या माणसाकडून बघून घेतात. दोरी वापराने ताणली गेली असेल तर येथेच फरक दिसतो. दोरी किंवा तारा सैल करण्यासाठी खास दाबयंत्र लागते, ते काम हाताने करू नये. त्यानंतर बाण दोरीला काटकोनात आणि मध्यरेषेवर येईल अशी खाचेची आणि टेकूची जागा ठरवतात.

दोन सावधगिऱ्या येथेच सांगायला हव्यात. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये. शंभर ज्यूल ऊर्जा घेऊन जाणारा बाणच नसेल तर ती ऊर्जा धनुष्याच्या बाहूंत आणि तारांत जाते आणि त्यांचे तुकडे उडू शकतात. दुसरे, कार्बनच्या प्रत्येक बाणाला हलकेच वाकवून तडा आहे का ते पाहावे. तडा गेलेला बाण सुटताना फुटून हातात घुसतो.

कागदाची परीक्षा

एका चौकटीवर साधा कागद ताणून बसवतात आणि त्याच्या मागे काही अंतरावर बाण अडवणारे जाड लक्ष्य ठेवतात. धनुर्धारी कागदापासून सुमारे दोन मीटरवर उभा राहतो आणि कागदातून बाण मारतो. दोनच मीटर का? कारण ते अंतर बाण सेकंदाच्या चाळिसाव्या भागात कापतो. तेवढ्या वेळात पिसांना काम करायला फुरसत मिळत नाही.

बाण सरळ गेला तर कागदावर एक गोल भोक आणि त्याभोवती पिसांच्या तीन चिरा दिसतात. बाण तिरका गेला तर टोकाचे भोक एका जागी आणि पिसांच्या चिरा दुसऱ्या जागी पडतात. मध्ये कागद फाटतो. फाटलेल्या भागाची लांबी म्हणजे बाणाच्या तिरकेपणाचे मापच होय. टोक ते पिसे हे अंतर ७० सेंटीमीटर धरले आणि कागद अडीच सेंटीमीटर फाटला, तर बाण सुमारे २ अंशांनी तिरका होता. एका कागदाच्या तुकड्यावर सेकंदाच्या चाळिसाव्या भागातला कोन मोजता येतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे.

आता वाचन. पिसांच्या चिरा टोकाच्या भोकाच्या वर असतील तर शेपटी उंच होती. खाच दोरीवर जास्त वर बसली आहे, ती किंचित खाली घ्यावी, किंवा टेकू वर घ्यावा. चिरा खाली असतील तर याच्या उलट. फरक मिलिमीटरचा करावा, त्याहून मोठा नव्हे. आडव्या फाटण्याची कारणे अधिक गुंतागुंतीची असतात. टेकू बाजूला सरकलेला असतो, दांडा फार ताठ किंवा फार लवचीक असतो, चाक कललेले असते, किंवा धनुर्धारी मूठ घट्ट आवळून धनुष्य पिळत असतो. शेवटचे कारण फार आढळते. म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी मूठ सैल धरून पुन्हा मारून पाहावे.

पिसे टेकूला घासून जात असतील तर कितीही फिरवाफिरव केली तरी कागद सुधारत नाही. तपासायला पिसांवर थोडी पावडर लावतात. घासल्याची खूण दिसली की दोष कुठला ते कळते. आणि दोन मीटरवर नीट भोक पडले म्हणून थांबू नये. हेलकावे घेणारा बाण एखाद्या क्षणी सरळ असतोच. कागद नेमका त्या क्षणी लागला असेल. म्हणून तीन आणि चार मीटरवरही तीच परीक्षा घेतात.

पिसांशिवायचा बाण

पुढची परीक्षा अधिक कडक. सारख्याच दोन-तीन बाणांची पिसे काढतात आणि पंधरा-वीस मीटरवरून पिसांचे व बिनपिसांचे बाण एकाच खुणेवर मारतात. पिसांच्या बाणांची चूक पिसांनी सावरून घेतलेली असते. बिनपिसांच्या बाणाला सावरणारे कोणी नसते, तो ज्या दिशेला नाक करून सुटला त्या दिशेला भरकटतो. बिनपिसांचे बाण खाली लागले तर सुटताना नाक खाली आणि शेपटी वर होती, म्हणजे खाच वर बसली आहे. कागदावर हीच चूक चिरा वर पडून दिसली असती. दोन स्वतंत्र परीक्षांनी एकच उत्तर दिले की निदानावर विश्वास ठेवायला हरकत नसते.

याच जोडीने ‘मागे सरत जाण्याची’ परीक्षाही घेतात. लक्ष्यावर एक उभी रेघ आखतात आणि नेम एकाच खुणेवर ठेवून वीस, तीस, चाळीस मीटर असे मागे जात बाण मारतात. बाण अंतरानुसार खाली खाली लागणारच. वीस मीटरला पाव सेकंद लागतो आणि बाण सुमारे ३१ सेंटीमीटर पडतो, चाळीस मीटरला अर्धा सेकंद लागून १२० सेंटीमीटरच्या वर पडतो. पण सगळे बाण उभ्या रेघेवरच लागायला हवेत. अंतर वाढेल तसे ते डावीकडे सरकत असतील, तर टेकू किंचित उजवीकडे घ्यायचा.

पात्यांचा फाळ

सरावाचा फाळ साध्या निमुळत्या टोकाचा असतो. शिकारीच्या फाळाला दोन, तीन किंवा चार धारदार पाती असतात. त्याला ‘ब्रॉडहेड’ म्हणतात. सरावात अचूक लागणारे बाण हा फाळ लावताच भलतीकडे का जातात, असा प्रश्न नव्या शिकाऱ्याला हमखास पडतो.

कारण सोपे आहे. पाती म्हणजे बाणाच्या नाकाला लावलेले पंखच. बाण एखादा अंश जरी तिरका असला तरी वारा पात्यांवर बाजूने आपटतो आणि नाकाला आणखी बाजूला ढकलतो. मागची पिसे बाण सरळ करू पाहतात, पुढची पाती त्याला वळवू पाहतात. साध्या फाळाच्या वेळी लपलेली चूक येथे वाढून दिसते. शिवाय फाळ जड असेल तर दांडाही अधिक वाकतो.

म्हणून अखेरची परीक्षा अशी. आधी फाळ बाणावर सरळ बसला आहे का ते, बाण टोकावर उभा करून भोवऱ्यासारखा फिरवून पाहतात. टोक डगमगत असेल तर तो बाण बाजूला ठेवतात. मग वीस मीटरवरून तीन बाण साध्या फाळाचे आणि तीन पात्यांच्या फाळाचे मारतात. दोन्हींचे वजन सारखे हवे. पात्यांचे बाण डावीकडे लागले तर टेकू उजवीकडे, खाली लागले तर टेकू वर. पात्यांच्या बाणांना साध्या बाणांकडे न्यायचे, असे हे सूत्र लक्षात ठेवतात. एका वेळी एक मिलिमीटर, आणि पुन्हा सहा बाण. दोन्ही घोळके एकत्र आले की अंतर वाढवून पुन्हा तपासायचे.

येथे एक मोह होतो. टेकूला हात न लावता नेमाची खूण, म्हणजे साइट, सरकवली तरी पात्यांचे बाण खुणेवर लागतात. मग तेवढ्यावर का भागवू नये? कारण बाण खुणेवर लागला तरी तो तिरकाच उडत असतो. तिरका बाण लागताना दांडा वाकतो, ऊर्जेचा काही भाग त्या वाकण्यात जातो आणि बाण कमी खोल शिरतो. आडवा वारा आला की तो सरळ बाणापेक्षा अधिक भरकटतो. साइट सरकवणे म्हणजे ताप उतरला नसता तापमापीवरचा आकडा खोडण्यासारखे आहे. साइटला सर्वांत शेवटी हात लावायचा.

काही फाळांची पाती उडताना मिटलेली असतात आणि लागल्यावर उघडतात. हे फाळ बाणाला कमी वळवतात, पण उघडण्यात थोडी ऊर्जा खर्च करतात. जुळणीच्या कामातून सुटका तेही करत नाहीत.

चूक धनुष्याची की माणसाची?

प्रत्येक परीक्षेत एक नव्हे, तीन-तीन बाण मारायचे, याचे कारण शिक्षकांच्या लगेच लक्षात येईल. मोजमापात दोन प्रकारच्या चुका असतात. एक, कधी इकडे कधी तिकडे होणारी. हात हलला, श्वास चुकला, वारा आला. हिच्यामुळे बाण विखुरतात. दुसरी, नेहमी एकाच बाजूला होणारी. तिच्यामुळे सगळा घोळका सरकतो. धनुष्याची जुळणी दुसऱ्या प्रकारची चूक काढते. पहिल्या प्रकारच्या चुकीला सराव हाच उपाय. एकाच बाणावरून निष्कर्ष काढला तर या दोन चुका वेगळ्या ओळखताच येत नाहीत, आणि माणूस आपल्या हाताची चूक धनुष्याचे स्क्रू फिरवून काढायला बसतो.

बाणांना क्रमांक घालण्याची पद्धतही यासाठीच. दर वेळी पाच नंबरचा बाणच बाहेर जात असेल तर दोष धनुष्यात नाही, त्या बाणात आहे.

आणखी एक नियम प्रयोगशाळेतून घेतल्यासारखा आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदल वहीत लिहून ठेवायचा. टेकू, खाच आणि ओढ एकदम बदलली आणि बाण सुधारला, तर कशामुळे सुधारला हे कधीच कळणार नाही.

जुळणीने न सुटणारा प्रश्न

धनुष्य उत्तम जुळले, तरी शिकारीत एक गोष्ट हाताबाहेरची राहते. लक्ष्य जिवंत असते. अमेरिकेत सर्वांत जास्त शिकार होते ती पांढऱ्या शेपटीच्या हरणाची. दोरी सुटल्याचा आवाज ऐकताच हे हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसते.

थोडे गणित करू. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर, बाणाचा ८०. हरीण तीस मीटरवर असेल तर आवाज ०.०९ सेकंदात पोहोचतो, बाणाला ०.३७ सेकंद लागतात. मध्ये ०.२८ सेकंद मिळतात. हालचाल सुरू करायला हरणाला ०.१५ सेकंद लागतात असे गृहीत धरले आणि ते गुरुत्वाकर्षणाने खाली येते असे मानले, तर बाण पोहोचेपर्यंत ते सुमारे ९ सेंटीमीटर खाली आलेले असते. याच हिशेबाने वीस मीटरवर हा आकडा एक सेंटीमीटरच्या आत राहतो, आणि चाळीस मीटरवर तो २६ सेंटीमीटर होतो. हृदय आणि फुप्फुसे यांचा भाग साधारण २० सेंटीमीटर व्यासाचा. म्हणजे चाळीस मीटरवरून अगदी अचूक मारलेला बाणही योग्य जागी लागेलच असे नाही.

म्हणून जाणते शिकारी आपल्यापुरते अंतर आखून घेतात आणि त्यापलीकडे बाण सोडत नाहीत. लक्ष्याच्या पाटीवर साठ मीटरवरून नेम साधणे ही एक गोष्ट, आणि कान टवकारलेल्या हरणावर तेवढ्या अंतरावरून बाण सोडणे ही दुसरी. जुळलेल्या धनुष्यामुळे बाण कुठे जाईल हे सांगता येते. हरीण कुठे जाईल हे त्यावरून सांगता येत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

कंपाउंड धनुष्य महाराष्ट्राला आता अनोळखी राहिलेले नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला झालेल्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विश्वविजेते ठरले. या खेळात ५० मीटरवरून नेम धरायचा आणि दहा गुणांचे वर्तुळ केवळ ८ सेंटीमीटर व्यासाचे. म्हणजे साऱ्या वर्तुळाचा कोन एका अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी. कागदाच्या आणि बिनपिसांच्या बाणाच्या परीक्षा या खेळातही उपयोगी पडतात.

शाळेत खरे धनुष्य वापरण्याची गरज नाही. पुढील प्रयोग साध्या साहित्यात होतात.

१. सुमारे मीटरभर लांबीची, सारख्या जाडीची बांबूची किंवा लाकडाची पातळ पट्टी घ्या. ती ८० सेंटीमीटर अंतरावरील दोन टेकूंवर ठेवून मध्यावर अर्धा लिटर पाण्याची बाटली टांगा. पट्टी किती खाली आली ते मोजा. आता टेकूंमधील अंतर ४० सेंटीमीटर करून पुन्हा मोजा. अंतर निम्मे झाले तर वाकणेही निम्मे होईल असे बहुतेक मुले सांगतील. प्रत्यक्षात ते जवळजवळ आठव्या भागावर येते, कारण वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात असते. बाण थोडासा आखूड केला तरी इतका ताठ का होतो, हे यावरून कळते.

२. खराट्याचे तीन सरळ, सारखे हीर घ्या. वाटाण्याएवढा मातीचा गोळा एकाच्या पुढच्या टोकाला, दुसऱ्याच्या मध्यावर, तिसऱ्याच्या मागच्या टोकाला लावा. उघड्या टोकांवर कागदाची मऊ गुंडाळी चिकटवा आणि मोकळ्या मैदानात, समोर कोणी नसताना, फेकून पाहा. कोणता सरळ जातो? मग पहिल्या हिराच्या शेपटीला कागदाची दोन पिसे लावा आणि फरक पाहा.

३. तोच हीर पुढे लहानसा कागदी पंख लावून फेका. मागे पिसे असूनही तो का भरकटतो? मागची पिसे मोठी केली तर काय होते? आणि प्रत्येक वेळी तो किती अंतर जातो? मुलांना ही तिन्ही उत्तरे वहीत मांडायला सांगा, मात्र एका वेळी एकच बदल करण्याच्या अटीवर.